टेबलावरचा संगणक आणि तुटणारे बिनतारी इंटरनेट

प्राथमिक शाळेतील संगणक ही आता केवळ मुलांना दाखविण्याची वस्तू राहिलेली नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी, यू-डायसची माहिती, पोषण आहाराचा तपशील, शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे, नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज ही कामे त्याच्याच द्वारे होतात. ज्या विद्यार्थिसंख्येवर शाळेची संचमान्यता ठरते, ती संख्याही याच मार्गाने वर जाते. नोंद भरीत असता मध्येच संबंध तुटला, पडद्यावरचे चाक फिरत राहिले आणि पान कोरे झाले, की सर्व पुन्हा आरंभापासून भरावे लागते. अंतिम मुदतीच्या दिवशी असे घडले तर पाचवीतील एखाद्या मुलाचा अर्ज राहून जातो. तो राहू नये म्हणून गुरुजी तालुक्याच्या गावी धाव घेतात, आणि दोनशिक्षकी शाळेत त्या दिवशी उरलेल्या एकाच शिक्षकास सर्व वर्ग सांभाळावे लागतात. या दोषाची खरी किंमत रुपयांत नसून मुलांच्या बुडालेल्या तासांत आहे. सबब प्रस्तुत पाठात हा विषय काहीशा विस्ताराने घेतला आहे.

अडचण सांगताना बहुधा एकच उद्गार ऐकू येतो, तो म्हणजे "नेट नाही." हा उद्गार अपुरा आहे. रुग्णाने वैद्यास "बरे वाटत नाही" एवढेच सांगून स्वस्थ बसावे, तसाच हा प्रकार होय. कोठवर आहे आणि कोठून पुढे नाही, दिवसाच्या कोणत्या वेळी नाही, सर्वांनाच नाही की केवळ या एका संगणकास नाही, हे कळल्याविना उपाय सुचविता येत नाही. सुदैवाने हे शोधून काढण्यास तंत्रज्ञ लागत नाही. वहीत नोंद ठेवण्याची सवय असलेला शिक्षक हे काम उत्तम रीतीने करू शकतो.

मार्गाचे टप्पे

संगणकापासून निघालेला संदेश प्रथम खोलीतील किंवा शेजारच्या खोलीतील राउटरपर्यंत हवेतून जातो. हा पहिला टप्पा, आणि वायफाय म्हणावयाचा तो एवढाच. राउटरपासून पुढे काचतंतूच्या तारेने किंवा मोबाइलच्या मनोऱ्याद्वारे तो सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या केंद्राकडे जातो. हा दुसरा टप्पा. तेथून पुढे दूरवरच्या ज्या यंत्रावर आपली नोंद साठविली जाते तेथवरचा मार्ग हा तिसरा. शाळेच्या हाती पहिला टप्पा पूर्णपणे असतो, दुसरा थोडासा असतो, तिसरा मुळीच नसतो. मुदतीच्या अखेरच्या दिवशी सबंध राज्यातील शाळा एकाच वेळी नोंदी भरू लागल्या म्हणजे तो तिसरा टप्पा अडतो. तेव्हा राउटर हलवून काही होत नाही. पहाटे किंवा रात्री काम उरकावे हेच बरे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतूची तार नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०११ साली मान्यता दिली. तीच पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु ग्रामपंचायतीच्या कार्यालयात तार आली म्हणजे ती शाळेत आली असे नव्हे. कार्यालय व शाळा यांमध्ये दोन गल्ल्या असतील तर तेवढ्या अंतराची सोय निराळी करावी लागते. ग्रामपंचायतीचे वायफाय शाळेच्या ओट्यावर एखादी रेघ दाखविते म्हणून त्यावर टेबलावरचा संगणक चालवू पाहणे हे दुरून ऐकू येणाऱ्या कुजबुजीवरून श्रुतलेखन घेण्यासारखे आहे.

दोष आतला की बाहेरचा

सर्वांत सोपी परीक्षा मोबाइलची. संगणक ज्या वायफायवर आहे त्याच वायफायशी एक मोबाइल जोडावा, त्या मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा आणि तो संगणकाच्या अगदी शेजारी ठेवावा. (डेटा बंद करण्यास विसरले तर मोबाइल मनोऱ्यावरून पान उघडून देतो आणि आपली फसगत होते.) मोबाइलवर पान उघडते व संगणकावर उघडत नाही, तर दोष संगणकात किंवा त्याच्या ग्रहणशक्तीत आहे. दोहोंवर उघडत नसेल तर मोबाइल घेऊन राउटरपाशी जाऊन उभे राहावे. तेथे उघडले तर अंतराचा वा भिंतीचा दोष. तेथेही न उघडले तर दोष बहुधा राउटरच्या पुढे आहे.

याहून निश्चित परीक्षा संगणकावरच करता येते, आणि ती एकदा तरी प्रत्येक शिक्षकाने करून पाहावी. कळफलकावरील विंडोजची कळ दाबून धरून आर हे अक्षर दाबावे. जी लहान चौकट उघडेल तीत रोमन लिपीत सी, एम, डी ही तीन अक्षरे टंकित करून एंटर दाबावे. काळा पडदा उघडतो. त्यात 'आयपीकॉन्फिग' हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला की काही आकडे दिसतात. 'डिफॉल्ट गेटवे' या शब्दांपुढे असलेला आकडा हा आपल्या राउटरचा पत्ता होय. पुष्कळ ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता 'पिंग' हा शब्द, एक मोकळी जागा, तो पत्ता, पुन्हा मोकळी जागा, एक आडवी रेघ आणि तिला लागून टी हे अक्षर असे लिहून एंटर दाबावे. संगणक दर सेकंदास राउटरला हाक मारतो आणि उत्तर किती वेळात आले ते ओळीओळीने लिहितो. राउटर जवळ असता उत्तर सेकंदाच्या काही हजारांश भागांत यावयास हवे आणि एकही हाक वाया जाऊ नये.

तसाच दुसरा काळा पडदा उघडून त्यात गूगलचा ८.८.८.८ हा सार्वजनिक पत्ता घालून हीच आज्ञा चालू करावी. दोन्ही पडदे शेजारी शेजारी ठेवून नेहमीचे काम करीत राहावे. (आकडे अर्थातच रोमन कळांनी लिहावयाचे. थांबविण्यासाठी कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबाव्या.) संबंध तुटला की दोन्ही पडद्यांकडे पाहावे. दोन्हीवर उत्तर थांबले तर दोष खोलीत आहे. राउटर उत्तर देत आहे आणि केवळ दूरचा पत्ता गप्प झाला आहे, तर दोष बाहेरच्या तारेत किंवा मनोऱ्यात आहे. दोन्हीकडून उत्तरे येत असूनही पोर्टल उघडत नसेल, तर एक तर पोर्टलवर गर्दी आहे, नाही तर संगणकाच्या स्वतःच्या काही खोडी आहेत. या एका परीक्षेने जेवढा भ्रम दूर होतो तेवढा चार जणांस विचारूनही होत नाही. कधी 'आयपीकॉन्फिग'मध्ये संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होताना दिसतो. राउटरने त्यास पत्ताच दिलेला नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी राउटर व संगणक दोन्ही बंद करून आधी राउटर, मग संगणक या क्रमाने चालू करावे.

खोलीतील अडथळे

बिनतारी लहरी कशाने अडतात हे समजण्यास थोडे विज्ञान पाहणे अवश्य आहे. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्‌झ याने १८८७-८८ च्या सुमारास विद्युत्-चुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखविल्या. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथली घंटा वाजवून दाखविली. आपले वायफाय त्याच घराण्यातले. त्याच्या दोन पट्ट्या प्रचारात आहेत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्टीत लहर सेकंदास सुमारे २४० कोटी आवर्तने करते आणि तिची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर भरते. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्टीतील लहर याच्या निम्म्याहूनही आखूड असते. ती वेगवान खरी, परंतु भिंतीपुढे लवकर थकते. शाळेचा राउटर एका खोलीत आणि संगणक दुसऱ्या खोलीत असेल तर पहिली पट्टी निवडणे इष्ट. शिवाय जुन्या संगणकांतील ग्राहक पुष्कळदा पहिलीच पट्टी ओळखतात. मोबाइलवरून हॉटस्पॉट देताना तो दुसऱ्या पट्टीवर असेल तर अशा संगणकास तो दिसतच नाही, आणि आपण मात्र संगणक बिघडला असे समजतो.

लहरींना धातू परत फिरवितो, पाणी शोषून घेते, आणि जाड दगडी भिंत पुष्कळशी गिळून टाकते. आता आपल्या शाळांकडे या दृष्टीने पाहावे. कंधार, मुखेड, औसा, उदगीर या बाजूंस काळ्या दगडाच्या जाड भिंतींच्या जुन्या इमारती अद्यापि आढळतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर औसा व निलंगा तालुक्यांत जी नवी बांधकामे झाली, त्यांत सिमेंटच्या पोटात लोखंडी गजांची जाळी आहे. वर्ग पत्र्याच्या छपराचे असतात, खिडक्यांस लोखंडी जाळ्या असतात. या सर्वांत भर म्हणून संगणकाच्या खोलीत दप्तराची लोखंडी कपाटे ओळीने उभी असतात. राउटर कपाटाच्या आत कुलपात ठेवणे ही तर सर्रास पद्धत आहे. चोरीच्या भयाने ती पडली असली, तरी दिवा पेटवून पेटीत झाकून ठेवण्यासारखे ते आहे. राउटर डोक्याच्या वर, उघड्यावर, भिंतीवर खिळ्यास टांगावा. चोरीचे भय असेल तर शाळा सुटताना काढून कपाटात ठेवावा, पण वापरताना नव्हे. टंचाईच्या आपल्या प्रदेशात पाण्याची टाकी किंवा भरलेले पिंप खोलीत असणे स्वाभाविक आहे. ते राउटर व संगणक यांच्या सरळ रेषेत तेवढे नसावे.

ही गोष्ट मुलांस दाखविण्याजोगीही आहे. हॉटस्पॉट चालू केलेला मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावावे व दहा पावलांवर दुसऱ्या मोबाइलवर वायफायच्या रेघा पाहाव्या. नंतर डब्याऐवजी पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. दोहोंतील अंतर मुले आपण होऊन सांगतात, आणि सहावी-सातवीच्या विज्ञानाचा एक तास त्यात सार्थकी लागतो.

टेबलावरच्या संगणकाची एक अडचण लॅपटॉपला नसते. त्याचे मोठे खोके पत्र्याचे असते, त्याचा अँटेना किंवा बोटाएवढा डोंगल पाठीमागे असतो, आणि ही पाठ बहुधा भिंतीस टेकवून ठेवलेली असते. म्हणजे एका बाजूस पत्रा व दुसऱ्या बाजूस भिंत अशा सापटीत तो बिचारा ग्राहक अडकून पडतो. त्यातही डोंगल निळ्या रंगाच्या यूएसबी खाचेत, आणि शेजारी पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर आणखी एक विघ्न उभे राहते. या वेगवान खाचांतून चालणारी देवघेव २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्टीत गोंगाट उत्पन्न करते, हे इंटेल कंपनीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले आहे. पेन ड्राइव्ह लावला की नेट जाते, ही तक्रार म्हणूनच निव्वळ भास नसते. उपाय अगदी स्वस्त आहे. हात-दीड हात लांबीची यूएसबी वाढीव केबल घेऊन डोंगल टेबलावर, खोक्यापासून दूर, राउटरच्या दिशेस आणून ठेवावा. कित्येक ठिकाणी एवढ्याने काम भागते.

शेजारच्या वायफायांच्या गर्दीचा दोष खेड्यात फारसा नसतो. २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी २००५ साली परवान्याविना खुली झाली, आणि आज लातूर शहरात शिकवणी वर्ग व वसतिगृहे जेथे दाटीने आहेत तेथे एका खोलीत वीस-पंचवीस नावे दिसणे नवलाचे नाही. तेथील शाळांनी राउटरचा चॅनेल १, ६ व ११ यांपैकी जो मोकळा असेल तो ठेवावा, कारण हे तीनच परस्परांवर चढत नाहीत. वाडी-तांड्यावरच्या शाळेने या भानगडीत पडू नये.

संगणकाच्या स्वतःच्या खोडी

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीनंतर संगणक चालू केला की पोर्टल उघडत नाही आणि 'जोडणी सुरक्षित नाही' अशा अर्थाची सूचना येते. येथे प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. खोक्याच्या आत घड्याळासाठी रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते. ती संपली की वीज काढताच संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. पोर्टलचे सुरक्षा-प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असे वैध असते. संगणकाच्या मते ती तारीख अजून उजाडलेलीच नसते, म्हणून तो दार उघडीत नाही. तारीख व वेळ दुरुस्त करताच पान उघडते. कायमच्या उपायासाठी सीआर २०३२ या क्रमांकाची ती बॅटरी बदलून घ्यावी. घड्याळाच्या दुकानातही ती मिळते. नेटच्या नावावर खपणारा हा सर्वांत निरुपद्रवी दोष आहे, आणि त्यापायी व्यर्थ फेऱ्या मात्र सर्वांत अधिक होतात.

दुसरी खोड वीज वाचविण्याची. थोडा वेळ काम थांबले की विंडोज बिनतारी ग्राहकाची वीज बंद करते, आणि नंतर तो कधी जागा होतो, कधी होत नाही. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स' या सदराखाली आपला वायरलेस ग्राहक निवडावा आणि त्याच्या 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावरील, वीज वाचविण्यासाठी हे साधन बंद करण्यास परवानगी देणारी खूण काढून टाकावी. तिसरी खोड अशी, की दीर्घ सुटीनंतर संगणक आपल्या प्रणालीची नवी आवृत्ती मुकाट्याने उतरवून घेऊ लागतो आणि मोबाइलचा दिवसभराचा डेटा तासाभरात संपतो. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' हा पर्याय चालू ठेवल्यास याला पुष्कळ आळा बसतो. मात्र महिन्यातून एखादे वेळी चांगल्या जोडणीवर ती आवृत्ती घेऊ द्यावी.

ऊन आणि वीज

दुपारी दोन ते चार या वेळातच संबंध तुटत असेल तर उन्हाचा संशय घ्यावा. पुष्कळ घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरावे असे लिहिलेले असते. नांदेडचा मे महिना ती मर्यादा सहज ओलांडतो, आणि पत्र्याखालची हवा बाहेरच्याहूनही तापलेली असते. राउटर छपरालगत न टांगता त्याच्या दोन-तीन हात खाली, वारा लागेल असा टांगावा. वीज गेल्या-आल्याने राउटर पुन्हा चालू होण्यास काही मिनिटे घेतो, त्यात भरीत असलेली नोंद जाते. संगणकास इन्व्हर्टर असून राउटर मात्र साध्या खाचेत, अशी व्यवस्था असेल तर ती प्रथम बदलावी. मृगाच्या सुमारास ढगांचा गडगडाट सुरू झाला की राउटरची वीज व बाहेरून येणारी तांब्याची तार दोन्ही काढून ठेवावी.

बिनतारी हवेच कशाला?

लॅपटॉप व मोबाइल हातात घेऊन फिरावयाचे असतात, त्यांस बिनतारी जोडणी शोभते. टेबलावरचा संगणक वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेला असतो. त्यास हवेतून इंटरनेट देण्याचे कारण बहुधा एवढेच, की तार ओढण्याचा कंटाळा. आमचे स्पष्ट मत आहे की जेथे तार नेणे शक्य आहे तेथे वर सांगितलेले भिंती-कपाटांचे उपाय करीत बसण्यापेक्षा तारच न्यावी. राउटरच्या मागे चौकोनी खाचा असतात, तशीच एक खाच बहुतेक संगणकांच्या पाठीस असते. 'कॅट सिक्स' प्रकारची केबल या दोहोंत लावली की पहिला टप्पा निर्धोक होतो. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. मुख्याध्यापकांच्या खोलीपासून संगणकाच्या वर्गापर्यंत इतके अंतर क्वचितच असते. केबल विजेच्या तारेस बांधून नेऊ नये, दारात पायाखाली येऊ देऊ नये, आणि उघड्यावरून न्यावयाची असल्यास प्लॅस्टिकच्या नळीतून न्यावी. उंदरांचा उपद्रव आपणांस ठाऊकच आहे.

जेथे राउटरच नाही आणि गुरुजींच्या मोबाइलवरच सारे चालते, तेथेही तारेचा उपाय आहे, आणि तो फारच थोड्यांस माहीत असतो. मोबाइल त्याच्या चार्जिंगच्या केबलने संगणकाच्या यूएसबी खाचेस जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंगमधील हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' हा पर्याय चालू करावा. वायफायचा ग्राहक मुळीच नसलेला संगणकही यायोगे इंटरनेटवर येतो, आणि कामाबरोबर मोबाइल भरतही राहतो. केबल मात्र केवळ वीज वाहणारी नसून माहितीही वाहणारी असावी. स्वस्त केबलींपैकी काहींत ती सोय नसते. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात किंवा अहमदपूरकडील बालाघाटाच्या उतारावर मनोरा टेकडीआड असतो, आणि खोलीच्या एका टोकास असलेली रेघ दुसऱ्या टोकास नसते. तेथे लांब केबल घेऊन मोबाइल ज्या खिडकीत रेघा अधिक त्या खिडकीत ठेवावा आणि टेबल जागच्या जागी राहू द्यावे.

बाहेरचा दोष ठरल्यावर

दोन पडद्यांच्या परीक्षेने दोष बाहेरचा ठरला आणि जोडणी काचतंतूची असेल, तर भिंतीवरील मोडेमचे दिवे पाहावे. ज्या दिव्याखाली एल, ओ, एस ही रोमन अक्षरे असतात तो तांबडा लागला असेल तर तंतूतून प्रकाशच येत नाही. तार कोठे तरी तुटली किंवा फार वाकली आहे, असा याचा अर्थ. तंतू काचेचा असल्याने तो दुमडून खिळ्यास गुंडाळू नये व डोळ्यासमोर धरून त्यात पाहू नये. मोडेम किंवा राउटर बंद करून चालू करण्यास हरकत नाही. परंतु टाचणीने दाबावयाचे जे बारीक छिद्र त्याच्या मागे असते त्यास हात लावू नये. ते दाबले की कंपनीने भरलेले नाव व संकेतशब्द पुसले जातात आणि तंत्रज्ञ येईपर्यंत आहे तेही बंद पडते.

कंपनीकडे तक्रार करण्यापूर्वी चार दिवस वहीत नोंद ठेवावी: दिनांक, वेळ, राउटर उत्तर देत होता की नाही, दूरचा पत्ता देत होता की नाही, कोणता दिवा कोणत्या रंगाचा होता, वीज व हवामान कसे होते. "नेट सारखे जाते" या तक्रारीस "आमच्याकडून सर्व ठीक आहे" असे उत्तर मिळते. "सोमवार ते गुरुवार रोज अकरा ते साडेअकरा राउटर उत्तर देतो, बाहेरचा पत्ता देत नाही" या तक्रारीस तसे उत्तर देता येत नाही. तक्रारीचा क्रमांक त्याच वहीत उतरवून घ्यावा, आणि केंद्रप्रमुखांच्या पुढील भेटीच्या वेळी ती वही त्यांच्यापुढे ठेवावी. एकाच केंद्रातील तीन-चार शाळांच्या नोंदींत तीच वेळ आढळली, तर प्रत्येक शाळेने निरनिराळे भांडत न बसता केंद्राच्या वतीने एकच लेखी पत्र द्यावे.